फोटो फाटतो तेव्हा

अमरावती असो की अकोला, फ्लेक्सच्या दुकानात एक वाक्य दिवसातून दहादा कानावर पडते: "भाऊ, हा फोटो मोठा केला का फाटते नं. मूळ फोटो नाही का घरी?"

समोर बहुतेक वेळा घाईत आलेला कोणीतरी असतो. घरी आजोबांची तेरवी आहे, दारासमोर श्रद्धांजलीचा दहा बाय आठचा फ्लेक्स लावायचा आहे आणि हातातल्या मोबाइलमध्ये आजोबांचा एकुलता एक फोटो आहे. तोही पुतणीच्या लग्नातल्या पंगतीचा, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवरून उतरवून घेतलेला. डिझायनर तो पडद्यावर मोठा करतो. पंधरा माणसांच्या रांगेत आजोबांचा चेहरा जेमतेम ८० पिक्सेल रुंद भरतो. फ्लेक्सवर तोच चेहरा तीन फूट रुंद हवा असतो. तीन फूट म्हणजे ३६ इंच. त्यात ८० पिक्सेल पसरले की एकेक पिक्सेल ११ मिलिमीटरचा होतो, टपोऱ्या हरभऱ्याएवढा. डोळे, भुवया, मिशी, सगळे अशा हरभऱ्यांत मांडायचे. ह्यालाच दुकानात फोटो फाटणे म्हणतात.

फाटला तो कागद नव्हे की फ्लेक्स नव्हे. मूळ फोटोत जेवढी माहिती होती तेवढीच आता मोठ्या जागेवर पसरली आहे. ह्या माहितीचे माप म्हणजे रिझोल्यूशन, म्हणजे एका इंचात किती पिक्सेल बसवले ते. त्याबद्दल दुकानाबाहेर एक समजूत घट्ट बसलेली आहे: चांगली छपाई हवी तर '३०० ठेवा'. जेवढा फ्लेक्स मोठा तेवढी फाइल मोठी, असाही हिशेब त्याच्या जोडीला असतो. दोन्ही गोष्टी पुस्तकाला, लग्नपत्रिकेला लागू पडतात. चौकातल्या फलकाचे शास्त्र मात्र वेगळे आहे आणि ते सुरू होते माणसाच्या डोळ्यापासून.

हर्मन स्नेलेन ह्या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ साली डोळे तपासण्याचा अक्षरतक्ता तयार केला. आजही डॉक्टरांच्या खोलीत भिंतीवर तोच दिसतो. त्यात 'सहा बाय सहा' दृष्टीच्या ओळीतले अक्षर सहा मीटरवरून पाहताना ५ कला एवढा कोन व्यापते आणि त्याची एकेक रेघ १ कला. कला म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. दोन ठिपक्यांमधले अंतर ह्या एका कलेपेक्षा कमी झाले की सर्वसाधारण निरोगी डोळ्याला ते दोन दिसत नाहीत, एकमेकांत मिसळून जातात. एक मीटरवर ही मर्यादा ०.२९ मिलिमीटर येते, दहा मीटरवर २.९ मिलिमीटर.

हाच हिशेब फूट-इंचांत मांडला तर फार सोयीचा आकडा हाती लागतो. २८६ ला पाहणाऱ्याच्या अंतराने, म्हणजे फुटांनी, भागायचे. जे उत्तर येईल तेवढे पिक्सेल एका इंचात असले की त्या अंतरावरून ठिपके वेगळे दिसत नाहीत. एका फुटावर २८६. पुस्तक आपण साधारण एवढ्याच अंतरावर धरतो. '३००' ह्या आकड्याच्या मुळाशी हे अंतर आहे. दहा फुटांवर २९ पुरतात. तीस फुटांवर १०. शंभर फुटांवर तर तीनसुद्धा जास्त होतात.

आता चौकातला वीस बाय दहाचा फ्लेक्स घ्या. तो ३०० ने करायचा म्हटले तर आडवे ७२,००० आणि उभे ३६,००० पिक्सेल लागतील, म्हणजे २५९ कोटी पिक्सेल. छपाईच्या चार रंगांत ती फाइल १० जीबीच्या वर जाते. जेपीईजी प्रकारात ती साठवताच येत नाही, कारण त्या प्रकारात एका बाजूला ६५,५३५ पेक्षा जास्त पिक्सेल मावत नाहीत. आणि एवढा खटाटोप करून शंभर फुटांवरच्या डोळ्याला त्यातले किती पोचते? आडवे सुमारे ७०० आणि उभे साडेतीनशे. मोबाइलमध्ये पहिल्यांदा कॅमेरे आले तेव्हाच्या व्हीजीए चित्रातही ३ लाख ७ हजार पिक्सेल असत. ते ह्यापेक्षा जास्तच भरतात.

एवढ्या काठावर काम कोणी करू नये, हेही खरे. काहींची नजर सहा बाय सहापेक्षा तीक्ष्ण असते, काही माणसे फलकाच्या अगदी जवळ जातात, आणि ठळक काळ्या-पांढऱ्या कडा डोळा अधिक बारकाईने टिपतो. म्हणून निघालेल्या आकड्याच्या दुप्पट-तिप्पट ठेवणे शहाणपणाचे. पण तिप्पट आणि शंभर पट ह्यांत मोठा फरक आहे.

मंगल कार्यालयाच्या दारातला स्टँडी आणि चौकातला फ्लेक्स शेजारी ठेवून पाहिले की गोष्ट स्वच्छ कळते. स्टँडी तीन बाय सहा फुटांचा. त्याच्यासमोर माणसे तीन फुटांवर थांबतात, वधूवरांची नावे वाचतात, शेजारी उभे राहून सेल्फी काढतात. तिथे २८६ भागिले ३, म्हणजे शंभराच्या आसपास पिक्सेल हवेत. पूर्ण फाइल झाली ३६०० बाय ७२०० पिक्सेलची. चौकातला वीस बाय दहाचा फ्लेक्स दहा फुटांपेक्षा जवळून सहसा कोणी पाहत नाही, त्याला इंचाला ३० पुरतात. फाइल झाली ७२०० बाय ३६०० ची. एक फलक दुसऱ्याच्या अकरा पटींनी मोठा, पण दोघांना लागणारे पिक्सेल अगदी सारखे. फलकाचा आकार पाहून रिझोल्यूशन ठरवणे किती फसवे आहे, ते ह्यातून दिसते. आधी माणूस कुठे उभा राहणार ते ठरले पाहिजे.

'३०० ठेवा' ह्या सल्ल्याचा आणखी एक घोळ रोजच्या कामात होतो. पुष्कळ डिझायनर कोरलड्रॉमध्ये किंवा फोटोशॉपमध्ये फुटाला इंच धरून काम करतात. वीस बाय दहा फुटांचा फ्लेक्स संगणकात वीस बाय दहा इंचांचा. ह्या मापात ३०० ठेवले तर खऱ्या मापात बारा पटींनी मोठे होताना ते २५ उरतात. बारा फुटांवरून पाहणाऱ्याला एवढे पुरतात. म्हणजे हा सल्ला इथे बरोबर ठरतो. पण ग्राहक 'फुल साइज' फाइल देतो, दुकानातला माणूस ती इंचाची समजतो, किंवा उलट होते, आणि मग एकतर संगणक गुडघे टेकतो किंवा फोटो फाटतो. फाइल देताना ती खऱ्या मापाची आहे की इंचाला फुटाची, एवढे एक वाक्य सोबत लिहून दिले तर निम्मे वाद मिटतील.

मशीनवर लिहिलेला डीपीआय आणि फोटोतले पिक्सेल हीसुद्धा दोन वेगळी प्रकरणे आहेत. फ्लेक्सचे मशीन इंचाला ३६० किंवा ७२० थेंब टाकते, पण त्यातला प्रत्येक थेंब निळसर, गुलाबी, पिवळा किंवा काळा अशा एकाच शाईचा असतो. चेहऱ्याचा गव्हाळ रंग किंवा पैठणीचा जांभळा रंग दाखवायला असे पुष्कळ थेंब एकत्र यावे लागतात. म्हणून थेंबांची संख्या नेहमीच पिक्सेलपेक्षा कितीतरी जास्त असते. मशीनचे डोके एकाच पट्ट्यावरून किती वेळा फिरते, ज्याला दुकानात 'पास' म्हणतात, त्यावर छपाईचा गुळगुळीतपणा ठरतो. पास कमी केले तर काम भराभर उरकते, पण आडवे पट्टे दिसू लागतात. पास वाढवून फोटोत नसलेली मिशी मात्र उगवत नाही.

अमरावतीहून अकोल्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग हा ह्या शास्त्राचा दुसरा वर्ग. ह्याच रस्त्यावर लोणी ते माना ह्या टप्प्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. असल्या रस्त्यावर गाडी ताशी ८० किलोमीटरने सहज धावते, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. दीडशे मीटरवरून फलक नजरेत आला तर तो मागे पडेपर्यंत सात सेकंदही मिळत नाहीत. एवढ्या अंतरावर डोळ्याच्या मर्यादेतला ठिपका ४४ मिलिमीटरचा होतो. चाळीस फूट रुंदीच्या होर्डिंगचे तिथून जेमतेम २८० ठिपके दिसतात. गाडी तीस मीटरपर्यंत जवळ आली तरी चौदाशे. इथे फोटोच्या रिझोल्यूशनपेक्षा अक्षराची उंची शंभर पट महत्त्वाची.

अक्षराचा हिशेब पुन्हा स्नेलेनच्याच तक्त्याने करता येतो. दीडशे मीटरवरून नुसते ओळखू यायला अक्षर २२ सेंटिमीटर उंच हवे. धावत्या गाडीतून विनासायास वाचायला त्याच्या निदान दुप्पट, म्हणजे दीड फुटाच्या आसपास. शिवाय स्नेलेनचा तक्ता रोमन अक्षरांचा. देवनागरीत शिरोरेघेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असा सगळा संसार असतो. 'मूर्तिजापूर' लिहा आणि दुरून पाहा: शब्दाचा रफार, वेलांटी आणि दोन्ही दीर्घ उकार दिसले नाहीत तर उरते काय? 'राष्ट्र'मधला 'ष्ट्र' एका अक्षराच्या जागेत तीन अक्षरांचा गुंता घेऊन बसतो. म्हणून मराठी फलकावर रोमनपेक्षा मोठे आणि मोकळे अक्षर लागते, बारीक-जाड रेघांच्या नखरेल फॉन्टपेक्षा सारख्या जाडीचे बरे.

अक्षरांच्या बाबतीत एक मोठी सोय आहे. ती पिक्सेलमध्ये न अडकवता रेघांच्या गणिती रूपात ठेवता येतात. कोरलड्रॉमध्ये मजकूर 'कर्व्ह' करून दिला की तो पत्रिकेवर छापा नाहीतर चाळीस फुटांवर, कड धारदारच राहते, आणि दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी अक्षरांची चौकोनी डबडी होत नाहीत. फोटोसकट सगळ्याचे एक जेपीईजी करून पाठवायचे, ही सवय इथे नडते. अक्षरेही पिक्सेल होऊन जातात आणि अनुस्वाराचे टिंब शेजारच्या मात्रेत मिसळते.

दूर आणि मोठे म्हणजे कमी, हा नियम सगळीकडे लावून मोकळे होणेही धोक्याचे. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या आवारात पंजाबरावांच्या २७ डिसेंबरच्या जयंतीच्या सुमारास कृषी प्रदर्शन भरते. तिथल्या दालनांतले चार बाय तीन फुटांचे तक्ते शेतकरी हातभर अंतरावरून पाहतात, बोट लावून पाहतात. गुलाबी बोंडअळी पूर्ण वाढली तरी जेमतेम सेंटिमीटरभराची असते. ती कपाशीच्या बोंडात कशी शिरते, अळीमुळे नीट न उमललेली डोमकळी कशी दिसते, हे त्या चित्रात स्वच्छ नसेल तर तक्ता टांगून उपयोग नाही. तिथे इंचाला शंभर ते दीडशे पिक्सेल हवेतच. चौकातल्या फ्लेक्ससाठी केलेली फाइल तिथे चालणार नाही.

कावड उत्सवातही अंतराचा असाच घोळ होतो. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन कावडी अकोल्यात राजराजेश्वराच्या मंदिराकडे येतात. रस्त्याच्या दोन्ही कडांना स्वागताचे फलक असतात. एरवी वाहनांतून तीस-चाळीस फुटांवरून दिसणारा फलक त्या दिवशी खांद्याला खांदा लावून चालणाऱ्या गर्दीच्या डोक्यावर येतो. अंतर दहा फुटांवर, कधी त्याहून कमी. अशा ठिकाणी इंचाला दहाने भागत नाही, तीस-चाळीस धरावेत. अमरावतीत नवरात्रात अंबादेवीच्या वाटेवरच्या कमानींनाही हेच लागू. चालणाऱ्यांसाठीचा फलक आणि गाडीवाल्यांसाठीचा फलक ह्या दोन वेगळ्या वस्तू मानल्या पाहिजेत.

मग व्हॉट्सअॅपवरचा फोटो चालतो की नाही? उत्तर बहुतेकांना चकित करते: पुष्कळदा चालतो. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो आडवा साधारण १६०० पिक्सेलचा होऊन पोचतो. तो आख्खा वीस फुटांवर पसरला तर इंचाला पावणेसात पिक्सेल, म्हणजे ४३ फुटांवरून ठिपके दिसत नाहीत. २०१५ मध्ये अॅपलने आयफोन ६ च्या कॅमेऱ्यातले फोटो जगभर मोठमोठ्या होर्डिंगवर लावले. तो कॅमेरा फक्त ८ मेगापिक्सेलचा होता. घोटाळा होतो तो त्यातून एक चेहरा कापून घेतल्यावर. दुसरा घोटाळा जेपीईजीच्या दाबण्याचा. ही पद्धत चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करते आणि प्रत्येकातला बारकावा स्वतंत्रपणे कमी करते. जास्त दाबले की त्या चौकोनांच्या कडा उघड्या पडतात. चौकोन पिक्सेलच्या आठपट मोठा, त्यामुळे तो कितीतरी जास्त लांबून खुपतो. फोटो पुढे पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर ही कापाकापी होत नाही. कुटुंबातल्या एकाने हे लक्षात ठेवले तरी पुरे.

आता संगणकाला सांगितले की तो फोटो 'वाढवून' देतो. नव्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयी तर ८० पिक्सेलच्या चेहऱ्याला पापण्या आणि दातसुद्धा बसवतात. डोंगर, शेत, आभाळ ह्यांच्यासाठी हे ठीक. माणसाच्या चेहऱ्यासाठी, आणि त्यातही गेलेल्या माणसाच्या, ते वापरू नये. ती पापणी त्या माणसाची नसते. संगणकाने पाहिलेल्या लाखो चेहऱ्यांची सरासरी तिथे येऊन बसते. दाराशी आलेला जुना सोबती फलकाकडे पाहून थबकतो, 'हे आपले भाऊजी नाहीत' असे त्याला वाटते, आणि त्याचे चुकत नसते.

मोठ्या चित्राचे हे मर्म संगणकाच्या आधीच्या पेंटरांना हाताने ठाऊक होते. सिनेमाच्या बॅनरवर ते छोट्या फोटोवर चौकटी आखत, तेवढ्याच चौकटी मोठ्या कापडावर आखत आणि एकेक घर रंगवत. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांपासून ही परंपरा मराठी मुलखात नावाजलेली. त्या बॅनरच्या जवळ गेले तर गालावर हिरवे-निळे फटकारे दिसत. रस्त्यापलीकडून तोच गाल जिवंत होई. मधूनमधून मागे जाऊन पाहायचे, मग पुन्हा ब्रश उचलायचा, अशी त्यांची कामाची रीत होती.

वऱ्हाडातल्या उन्हाचा मात्र वेगळा विचार करावा लागतो. मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. शाईतले पिवळे आणि गुलाबी रंग आधी उडतात, निळा आणि काळा मागे राहतो. म्हणून जुने फ्लेक्स निळसर दिसतात आणि चेहरे आजारी. अशा ठिकाणी फाइलचे वजन वाढवण्यापेक्षा फोटोत उजेड-सावलीचा ठळक फरक ठेवणे जास्त दिवस कामी येते. फ्लेक्सची जाडी पाहणेही तितकेच गरजेचे: १ जुलै २०२२ पासून देशात १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलकांवर बंदी आहे. सुती कापडावर छापायचे ठरले, आणि कापसाच्या ह्या मुलखात ते ठरावे अशी फार इच्छा आहे, तर विणीच्या धाग्यांत बारकावा तसाही थोडा हरवतो. तिथे मोठी अक्षरे आणि मोठा चेहरा एवढेच ठेवावे.

तेरवीच्या फ्लेक्सकडे परत येऊ. अशा वेळी घरात एकदा नीट शोधायला लावणारा दुकानदार भला. सातबाऱ्याच्या पिशवीत, बँकेच्या पासबुकावर, जुन्या निवडणूक ओळखपत्राच्या वेळी काढलेल्या फोटोंच्या पाकिटात पासपोर्ट आकाराचा एखादा फोटो सापडतोच. तो ३५ मिलिमीटर रुंद. ६०० वर स्कॅन केला की आडवे सुमारे ८२५ पिक्सेल मिळतात आणि चेहऱ्याच्या वाट्याला चारशेच्या वर येतात. तीन फुटांवर पसरले की एकेक पिक्सेल सव्वादोन मिलिमीटरचा, तिळाएवढा. पंचवीस फुटांवरून तो दिसत नाही. हरभऱ्याचा तीळ झाला, तोही कुठलीही जादू न करता.

मग सगळा फ्लेक्स छापण्याआधी खऱ्या मापात फक्त डोळ्यांचा भाग, एक बाय एक फुटाचा तुकडा छापून घ्यावा. खर्च नगण्य. तो तुकडा दुकानाच्या भिंतीवर चिकटवून रस्ता ओलांडायचा आणि पलीकडच्या पानठेल्यापाशी उभे राहून मागे वळून पाहायचे. जवळून ज्या तिळांची नुसती रांगोळी होती, तिथे आता आजोबांची उजवी भुवई आहे, ऊन लागल्यासारखे किंचित मिटलेले डोळे आहेत आणि कपाळावर टोपीच्या काठाची पांढरी रेघ.

"बाबाच हायेत," नातू म्हणतो, आणि आत जाऊन बाकीचा फ्लेक्स छापायला सांगतो.